रिव्हर्स कॅमेरा : मूळ हेड युनिटला जोडणी

कंपनीकडून गाडीत आलेल्या पडद्यावर, म्हणजे मूळ हेड युनिटवर, मागचे दृश्य दिसावे म्हणून बाहेरचा कॅमेरा जोडण्याचे काम. अमेरिकेत मे 2018 पासून नव्या हलक्या वाहनांना मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा सक्तीचा आहे. भारतात जुलै 2019 पासून नव्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा नव्हे. बंपरजवळ खाली बसलेले लहान मूल सेन्सरच्या नजरेतून सुटू शकते, त्यामुळे कॅमेऱ्याची जोड मोलाची ठरते.

खरेदीआधी सिग्नल जुळतो का, हे पाहावेच. जुनी हेड युनिट एनटीएससी किंवा पाल पद्धतीचा ॲनालॉग व्हिडिओ घेतात. त्यांना एएचडी (ॲनालॉग हाय डेफिनिशन) कॅमेरा लावला तर चित्र नीट उमटत नाही. काही गाड्यांच्या मूळ वायरिंगमधून कॅमेऱ्याला 6 व्होल्टच मिळतात, बाजारातले बहुतेक कॅमेरे मात्र 12 व्होल्टचे असतात. खालच्या मॉडेलांत कॅमेऱ्याचा इनपुट सॉफ्टवेअरमधून बंद असू शकतो. तो कोडिंग करून सुरू करावा लागतो, नाहीतर मध्ये इंटरफेस बॉक्स घालावा लागतो.

कॅमेरा सहसा नंबरप्लेटच्या दिव्याजवळ बसतो. वीज रिव्हर्स लाइटच्या वायरवरून घेतात, म्हणजे रिव्हर्स गिअर टाकताच तो चालू होतो. खरे कसब डिकीच्या दारापाशी लागते. वायर बिजागरीजवळच्या रबरी नळीतूनच ओवावी. बाहेरून नेली तर दाराच्या उघडझापीत ती चिरडते आणि फटीतून पावसाचे पाणी आत शिरते. शेवटी चित्र आरशासारखे दिसते ना, हे तपासतात. तसे नसेल तर डावे-उजवे उलटते.