काळ्या पाषाणावरचे सोलापूर : जिल्ह्याची खनिजसंपत्ती आणि भूरचना

- प्रतिनिधी

सोलापूर : महाराष्ट्राच्या खनिजसंपत्तीचा विषय निघाला, की चंद्रपूरचा कोळसा, नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज, गडचिरोलीचे लोहखनिज आणि कोल्हापूरचे बॉक्साइट यांची नावे घेतली जातात. या यादीत सोलापूर नाही. जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, धातूचे खनिज नाही आणि सिमेंटला लागणारा चुनखडकही नाही. याचे कारण येथील जमिनीखालच्या खडकात आहे. त्याच खडकाने जिल्ह्याला काळी माती, बांधकामाचा दगड, मुरूम आणि वाळू दिली. यापैकी दगड मुबलक आहे. वाळू आणि खडकातले पाणी मात्र मोजके आहे.

लाव्ह्याचे थर

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला. एकावर एक पसरून थंड झालेल्या या थरांपासून बेसॉल्ट हा खडक तयार झाला. त्यालाच आपण काळा पाषाण म्हणतो. महाराष्ट्राच्या सुमारे 80 टक्के भूभागावर हा खडक आहे. संपूर्ण सोलापूर जिल्हा त्याच पट्ट्यात येतो.

या खडकाची जाडी सर्वत्र सारखी नाही. सह्याद्रीकडे ती अधिक असून पूर्वेकडे कमी होत जाते. कोयना परिसरात शास्त्रीय संशोधनासाठी घेतलेल्या एका विंधन छिद्रात सुमारे 930 मीटर बेसॉल्ट पार केल्यानंतर ग्रॅनाइटी खडक लागला. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने 617 मीटर खोल छिद्र घेतले. तेथे बेसॉल्टची जाडी 338 मीटर भरली. त्याखाली सुमारे आठ मीटरचा गाळाचा थर आणि नंतर अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक आढळला. सोलापूर जिल्हा या दोन ठिकाणांच्या दरम्यान आहे. म्हणजेच ज्या जुन्या खडकांत धातूंची खनिजे सापडण्याची शक्यता असते, ते येथे काही शे मीटर जाडीच्या बेसॉल्टखाली झाकले गेले आहेत.

खनिजे राज्याच्या दोन टोकांना

राज्याच्या नकाशावर खाणींच्या जागा पाहिल्यास बहुतेक मोठ्या खाणी हे आवरण जेथे संपते तेथे, म्हणजे विदर्भाच्या पूर्व भागात आणि दक्षिण कोकणात दिसतात. वर्धा खोऱ्यातील आणि उमरेडचा कोळसा गोंडवना काळातील गाळाच्या खडकांत आहे. नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज सौसर समूहाच्या रूपांतरित खडकांत, तर गडचिरोलीतील सुरजागडचे लोहखनिज त्याहून जुन्या खडकांत आहे. चंद्रपूर-यवतमाळचा चुनखडक पैनगंगा समूहात मोडतो. सिंधुदुर्गातील रेडीचे लोहखनिजही बेसॉल्टपेक्षा जुन्या खडकांत आहे.

कोल्हापूरचे बॉक्साइट हा याला अपवाद आहे. ते बेसॉल्टपासूनच बनले. उंच पठारांवर प्रदीर्घ काळ पडलेल्या भरपूर पावसाने खडकातील सिलिका आणि इतर विद्राव्य घटक वाहून गेले. मागे ॲल्युमिनियम आणि लोह साठत जाऊन जांभा आणि बॉक्साइट तयार झाले. सोलापुरात खडक तोच असला, तरी वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. त्यामुळे येथे बेसॉल्ट झिजून जांभ्याऐवजी काळी माती झाली. मातीत चुन्याचे अंशही टिकून राहिले. ओढ्याकाठी आणि शेतात सापडणारे चुनखडीचे खडे ही त्याचीच खूण होय.

सीमेपलीकडचा खजिना

सोलापूरहून रेल्वेने कलबुर्गी ओलांडून शहाबाद-वाडीकडे गेल्यास भूमीचे रूप बदलते. बेसॉल्ट संपतो आणि त्याखालचा फिकट रंगाचा चुनखडक उघडा पडतो. भूगर्भशास्त्रात या खडकांना भीमा समूह असे नाव आहे. पंढरपुरातून वाहणारी भीमा पुढे ज्या प्रदेशात जाते, तेथील हा खडक आहे. महाराष्ट्रातील असंख्य घरांत बसवलेली शहाबादी फरशी याच खडकातून निघते. मळखेड, सेडम, वाडी येथील मोठे सिमेंट उद्योगही याच चुनखडकावर उभे राहिले.

सोलापूर परिसरात होटगी येथे सिमेंट तयार होते, ते मात्र बाहेरून आलेले क्लिंकर दळून. क्लिंकर म्हणजे चुनखडक भट्टीत भाजून केलेले गोळे. फताटेवाडी येथील 1,320 मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक वीज प्रकल्पाची स्थितीही वेगळी नाही. त्याचा पहिला संच 2017 मध्ये आणि दुसरा 2019 मध्ये कार्यान्वित झाला. कोळसा मात्र रेल्वेने परराज्यांतून आणावा लागतो.

भीमा खोऱ्यातच यादगीर जिल्ह्यातील गोगी येथे युरेनियमचा साठा सापडला आहे. चुनखडक आणि त्याखालचा ग्रॅनाइट जेथे प्रस्तरभंगाने एकमेकांना भिडतात, तेथे तो आढळतो. त्याच्या पलीकडे रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण आहे. सोलापूरच्या बेसॉल्टखाली असे काही आहे का, याचे उत्तर केवळ खोल विंधन छिद्रेच देऊ शकतील. तसे काही आढळले, तरी शेकडो मीटर कठीण खडक भेदून ते काढणे परवडेलच असे नाही.

जिल्ह्याच्या हाती काय?

कायद्याच्या भाषेत सोलापूरची संपत्ती 'गौण खनिज' या वर्गात येते. 1957 च्या खाणी व खनिजे कायद्याने गौण खनिजांबाबत नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. महाराष्ट्रात यासाठी 2013 चे नियम आहेत. दगड, खडी, मुरूम, वाळू आणि विटांची माती यांचा त्यात समावेश होतो. मोजमाप ब्रासमध्ये होते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट.

बेसॉल्टचा दगड बांधकामासाठी उत्तम मानला जातो. सोलापूरचा भुईकोट किल्ला याच पाषाणाची साक्ष देतो. आज तोच दगड क्रशरवर फोडून रस्ते आणि इमारतींसाठी खडी केली जाते. शेतीच्या दृष्टीने पाहिले, तर मंगळवेढ्याची खोल काळी माती ओल धरून ठेवते. त्यामुळेच तेथे रब्बी ज्वारी पिकते. मुरमाड हलक्या जमिनीत डाळिंबाने मूळ धरले. मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचे डाळिंब या दोहोंना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जिल्ह्याची ही कीर्ती अखेर खडकाच्या झिजेतूनच आली आहे.

वाळूचा हिशेब

वाळूबाबत मात्र एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ग्रॅनाइट झिजला की त्यातील गारेचे कण मागे राहतात आणि वाळू बनते. बेसॉल्टमध्ये गार जवळपास नसते. तो झिजला की मुख्यतः चिकणमाती होते. त्यामुळे बेसॉल्टच्या प्रदेशातील नद्यांत वाळू संथ गतीने साठते. त्यातच भीमेवरील उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि वरून येणारा भरड गाळ जलाशयातच अडू लागला. धरणाखालच्या पात्रात आज जी वाळू आहे, ती बहुतांशी पूर्वीची पुंजी आहे. उपसली तेवढी पुन्हा भरून येईल, या समजुतीला भूशास्त्राचा आधार नाही.

वाळू ही केवळ बांधकामाची वस्तू नाही. ती पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पाझर देते. लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये स्पष्ट केले. राज्य सरकारने 2025 मध्ये दगड दळून केलेल्या कृत्रिम वाळूसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. काळ्या पाषाणाची वाण नसलेल्या सोलापूरसाठी हा पर्याय व्यवहार्य ठरू शकतो. अर्थात, खाणींतील सुरुंग आणि क्रशरची धूळ सोसणाऱ्या गावांचा विचारही त्याबरोबर करावा लागेल.

पाणी हेच खनिज

आफ्रिकेतील लेसोथो या लहान देशाचा डोंगराळ भाग असाच बेसॉल्टचा आहे. हा लाव्हा सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीचा. तेथे पुढील काळात किंबर्लाइट खडकाच्या नळ्या बेसॉल्ट भेदून वर आल्या आणि लेत्सेंगसारख्या खाणीत हिरे सापडले. तरीही या देशाच्या उत्पन्नाचे एक महत्त्वाचे साधन पाणी आहे. 1986 च्या करारानुसार उभारलेल्या धरणांतून ते दक्षिण आफ्रिकेला विकले जाते.

सोलापूरला ना हिरे, ना तेवढा पाऊस. येथील पाणी बेसॉल्टच्या वरच्या झिजलेल्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि भेगांत साठते. एकसंध पाषाणात ते मुरत नाही. म्हणूनच एका शेतात विंधन विहिरीला पाणी लागते आणि शेजारच्या शेतात कोरडी धूळ निघते. खोल गेले की पाणी लागतेच, असे नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 मध्ये 60 मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत, त्यामागेही भूजल टिकवण्याचाच उद्देश आहे.

जिल्ह्याचा खनिजांचा हिशेब मांडताना सोने-कोळशाच्या रकान्यात शून्य लिहावे लागते. माती, वाळू आणि पाणी यांच्या रकान्यात मात्र शिल्लक आहे. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी फुलणारे पंढरपूरचे वाळवंट हा त्याच शिलकीचा एक भाग आहे. ती किती काळ पुरवायची, हे भूगर्भावर नव्हे, तर उपसा करणाऱ्यांवर आणि त्यावर लक्ष ठेवणाऱ्यांवर अवलंबून आहे.