मोटार भरणाऱ्यांचं गणित

नांदेड-लातूरच्या विहिरींवर एकेकाळी बैल मोट ओढत. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या दशकांत तारा शिवारात पोचल्या. मोटेची जागा मोटारीने घेतली. तिच्यामागोमाग एक नवा धंदा आला, जळालेली मोटार भरून देण्याचा, म्हणजे तिच्यातली तार नव्याने गुंडाळून देण्याचा.

या कारागिरांच्या हाताखाली ओहमचा 1827 चा नियम रोज राबतो. दाबाला प्रवाहाने भागलं की रोध, दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती. 230 व्होल्टवर शेगडी 5 अँपिअर घेत असेल, तर रोध 46 ओहम, शक्ती 1150 वॅट. थ्री फेज मोटारीला मात्र 1.73 ने आणि पॉवर फॅक्टरनेही गुणावं लागतं.

खरी कसोटी रब्बीत, सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू असताना. पाच हॉर्सपॉवरची मोटार 415 व्होल्टवर साधारण 8 अँपिअर घेते. डीपीवर, म्हणजे शिवारातल्या रोहित्रावर, भार येऊन दाब 320 वर उतरला, तरी पाणी जवळपास तेवढंच उपसायचं असतं. मग प्रवाह दहाच्या पुढे जातो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून अधिक. तारेवरचं इनॅमल करपतं. शेतकऱ्याचं पीक ऐन पाण्यावर असताना हे घडतं, म्हणून या दुकानांचं मोल मोठं.

मोटार भरून झाली की कारागीर तिन्ही फेजांचा रोध मोजतो. आकडे सारखे आले, तरच ती शेताकडे परत निघते.