अहिराणीतील अपत्यवाचक शब्द

खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांत बोलल्या जाणाऱ्या अहिराणी बोलीत मुलाला ‘आंडोर’ व मुलीला ‘आंडेर’ म्हणतात. हे शब्द नाते दर्शवतात, वय नव्हे. साठीतला माणूसही आईचा आंडोरच असतो. प्रमाण मराठीतील ‘तान्हे’, ‘किशोर’, ‘तरुण’ हे शब्द वयाची अवस्था सांगतात, परंतु त्यांच्या सीमा सैल आहेत. ‘उपवर’ हा शब्दही विवाहयोग्यता सांगतो, वर्षे सांगत नाही.

कायदा मात्र वर्षे मोजतो. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार १८ वर्षे पूर्ण न झालेली मुलगी आणि २१ वर्षे पूर्ण न झालेला मुलगा ‘बालक’ ठरतो. त्यामुळे सोळा वर्षांची आंडेर घरच्यांना उपवर वाटली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती बालकच असते. वीस वर्षांचा आंडोर मतदार असूनही विवाहापुरता बालक असतो.