गंजिफ्यापासून मेंढीकोटापर्यंत: घरगुती पत्त्यांची कुळकथा

मराठी घरांत खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या मागे दोन घराणी आहेत. एक इराणकडून मोगलांबरोबर आलेल्या गंजिफ्याचे, दुसरे समुद्रमार्गे आलेल्या युरोपीय कॅटचे. मुळात दोन्ही एकाच भावकीतली. पत्ते प्रथम चीनमध्ये खेळले गेले आणि पश्चिमेकडे सरकत इराण आणि इजिप्तपर्यंत पोहोचले. इजिप्तच्या मामलुक राजवटीतला एक जोड इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे. त्यात चार रंग असून प्रत्येक रंगात राजा आणि त्याच्या हाताखालचे नायब आहेत. युरोपात पत्ते १३७०च्या दशकात दिसू लागतात. गंजिफ्यातही प्रत्येक रंगाचा एक राजा आणि एक प्रधान. राणी या दोन्ही दरबारांत नव्हती. तिला युरोपातल्या जोडांनी आत घेतले.

भारतातला गंजिफ्याचा पहिला ठळक उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. सिंधच्या शाह हसनला या खेळाची आवड होती, म्हणून १५२७ मध्ये बाबराने त्याच्यासाठी गंजिफे पाठवले. अबुल फज्लच्या ‘ऐन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या १४४ पत्त्यांचे वर्णन आहे, पण पुढे सर्वत्र रुळला तो आठ रंगांचा, ९६ पत्त्यांचा जोड. दख्खन आणि कोकणात त्याला देशी अवतार मिळाला, तोही शब्दशः: विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण १२०. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू अशी चिन्हे असल्याने अक्षरओळख नसलेल्यालाही रंग कळे.

हा दशावतारी गंजिफा महाराष्ट्रात सर्वांत ठसठशीतपणे टिकला तो सावंतवाडीत. तिथल्या चितारी घराण्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या घडवला. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप देऊन घोटायचे, गोल चकत्या कापायच्या, त्या रंगवायच्या आणि वर लाखेचा हात फिरवायचा. जोड ठेवायला झाकणाची रंगीत लाकडी पेटी. गोल पत्ते आजच्या पत्त्यांसारखे पिसता येत नाहीत. ते चादरीवर पालथे पसरून हाताने कालवावे लागतात. खेळ बहुधा तिघांचा. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हाती राम त्याची उतारी, रात्री मांडला तर ज्याच्याकडे कृष्ण त्याची. निम्म्या रंगांत दहाचे पान एक्क्यापेक्षा वरचढ आणि उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का दहापेक्षा वरचढ, असा उलटसुलट क्रम. यात हुकूम नाही, त्यामुळे दुबळ्या रंगाने बलवान रंगाला कापण्याची सोयही नाही. कोणते पान पडले आणि कोणते अजून कोणाच्या हाती आहे, हे लक्षात ठेवणे हेच सारे कौशल्य. १२० पत्ते डोक्यात ठेवणे ही फावल्या वेळातली करमणूक कमी आणि परीक्षाच जास्त.

गंजिफा मागे पडला त्याचे कारण मात्र त्याची अवघड रीत नव्हे, किंमत. फ्रान्समध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीस इस्पीक, बदाम, चौकट, किलवर ही साधी, दोनच रंगांत छापता येणारी चिन्हे ठरली आणि पत्ते स्वस्त झाले. १८३०च्या दशकात लंडनच्या डी ला रू यांनी यंत्रावर रंगीत पत्ते छापायला सुरुवात केली. हाताने रंगवलेल्या १२० चकत्यांना छापील ५२ पत्त्यांशी भावात टिकणे शक्यच नव्हते. सावंतवाडीची कला विझण्याच्या बेतात असताना तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. आता हे गंजिफे खेळण्यापेक्षा भेट देण्यासाठी आणि संग्रहासाठीच अधिक घेतले जातात.

परदेशी कॅट घरात आला तो मात्र घरचाच होऊन गेला. दुर्री, तिर्री, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, दश्शी अशी नावे पत्त्यांना पडली. हुकूम ही युरोपीय सोय मराठी घरांनी मनापासून उचलली. इटलीत पंधराव्या शतकात ती रुजली होती. त्याहून मोठी करामत म्हणजे एकाच कॅटमधून, घरात किती माणसे बसली आहेत ते पाहून वेगवेगळे डाव बेतले गेले. दोघेच असले तर सात-आठ, तिघे असले तर पाच-तीन-दोन, चौघे असले तर मेंढीकोट. आणखी चौघे-पाच जण येऊन बसले तर बदाम सात किंवा झब्बू.

यांतला सर्वांत घोटीव डाव पाच-तीन-दोनचा. ५२ पैकी ३० पत्तेच ठेवायचे: चारही रंगांत एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत अठ्ठावीस, शिवाय इस्पीक आणि बदामाची सत्ती. प्रत्येकी दहा पत्ते येतात. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, पुढच्याने पाच, तिसऱ्याने तीन. पाचवाल्यावर बोजा जास्त, म्हणून पहिले पाच पत्ते पाहून हुकूम बोलण्याचा मान त्याचा. ज्याला ठरलेले हात होत नाहीत, त्याची शिक्षा पुढच्या डावात: जास्त हात करणारा त्याच्या हातातला एक पत्ता न पाहता ओढतो आणि बदल्यात आपला नकोसा पत्ता देतो. एक्का ओढला गेला की लहान मुले रडकुंडीला येतात. तरी पुढच्या डावात वाटप फिरते आणि वसुलीची संधी त्यांनाही मिळते. कर्ज फेडण्याची ही रीत या डावाला एका बैठकीपुरता मर्यादित ठेवत नाही, तासन्‌तास ताणत नेते.

मेंढीकोटात एक्का-राजापेक्षा दश्शीला मोल. समोरासमोरचे दोन भिडू मिळून दश्श्या जमवतात. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकतात. चारही एका बाजूला गेल्या की कोट. हुकूम बंद ठेवायचा की कोणी कापेल तेव्हा ठरवायचा, यावर घराघरांत मतभेद. बदाम सातमध्ये बदामाच्या सत्तीपासून दोन्ही अंगांनी माळ लावत जायची. इंग्लंडातही हा ‘सेव्हन्स’ या नावाने खेळला जातो. गुलामचोरात एक गुलाम बाजूला काढून जोड्या जुळवायच्या, शेवटी एकटा गुलाम ज्याच्या हाती तो चोर. हा खेळ युरोपातल्या ‘ओल्ड मेड’चा सख्खा भाऊ.

कोकण आणि मुंबईत वेगळ्या जातीचा एक डाव आहे, तीनशे चार. यात गुलामाचे ३०, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३ आणि राणीचे २ गुण. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. गुलाम आणि नव्वी सर्वांत वर ही उतरंड युरोपातल्या ‘यास’ कुळातल्या डावांमध्ये सापडते, म्हणून डचांमार्फत हा प्रकार आला असावा असे अभ्यासक मानतात. श्रीलंकेतही तीनशे चार खेळतात, आणि केरळचा ‘अठ्ठावीस’ त्याच कुळातला: गुलामाचे ३, नव्वीचे २, एक्का आणि दश्शीचा प्रत्येकी १.

जागरणांनी या डावांना हक्काची वेळ दिली. कोजागरीच्या व्रतात रात्री जागून फासे खेळायला सांगितले आहे. त्या जागी आज मसाला दूध आणि पत्ते असतात. गणपतीतही कोकणातल्या घरांत रात्री पत्ते रंगतात. पैसे लावून खेळणे वेगळे. १८८७चा मुंबईचा जुगारविरोधी कायदा अजून महाराष्ट्रात लागू आहे. पण कौशल्याच्या खेळांना त्यातून सूट आहे, आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले. घरगुती डावांत बहुधा पैसा नसतोच. हरणाऱ्याला गाढव ठरवले की पुरे.

पुण्याजवळच्या, पवनेकाठच्या पिंपळे सौदागरसारख्या वस्तीत या कुळाच्या फांद्या पुन्हा एकत्र येतात. जुन्या गावाभोवती उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमध्ये देशभरातली कुटुंबे राहतात. अशा ठिकाणी दिल्लीकडची मंडळी ज्याला ‘देहला पकड’ म्हणतात, तो मराठी शेजाऱ्याचा मेंढीकोट निघतो. पंजाबी घरातली ‘भाभी’ आणि इथला झब्बू यांत फरक जवळपास नावापुरताच: उतारीचा रंग नसलेला खेळाडू दुसऱ्या रंगाचा पत्ता टाकतो आणि त्या हातात सर्वांत मोठा पत्ता टाकणाऱ्याला सारा ढीग उचलावा लागतो. हुकूम कट की बंद, आणि उतारी इस्पीकच्या एक्क्यावाल्याची की वाटणाऱ्याच्या शेजाऱ्याची, एवढे आधी ठरवून घेतले की डाव सुरू करायला भाषेची अडचण येत नाही.