चाळिशी

चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणणारी आपली मराठी किती नेमकी! पण जवळचं वाचताना डोळ्यात नक्की बदलतं काय, यावर विद्वान बराच काळ भांडत होते. लंडनच्या थॉमस यंगनं १८०१ साली छापलेला प्रयोग बघा. सूक्ष्मदर्शकातलं भिंग काढून त्यानं खोबणीत बसवलं, त्यात पाणी भरलं आणि ते स्वतःच्या डोळ्याला लावलं. पाण्यामुळे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं काम जवळपास संपलं. तरी जवळ-दूर नजर जमवणं चालूच! म्हणजे बदलतं ते आतलं भिंग. वयाबरोबर ते ताठर होत जातं. डच डॉक्टर डोंडर्स यांनी १८६४ च्या ग्रंथात चाळिशीला इतर दृष्टिदोषांपासून वेगळं काढलं. हा आजार नव्हे, निव्वळ वय. तरी ‘चष्म्यानं डोळे बिघडतात’ म्हणत कित्येकजणी शिवण, पोथी सोडून देतात. तेव्हा काकू-मावश्यांनो, चष्मा लावा आणि वाचत राहा!