दौल, सादा, रंगीन : एका बंदुकीचा जन्म

मागच्या महिन्यात अमेरिकेतल्या एका हौशी माणसाचा व्हिडिओ पाहत बसलो होतो. पोस्टाने आलेले खोके त्याने टेबलावर उघडले. आत एक लोखंडी नळी, अर्धवट कोरलेला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, चाप, घोडा, पितळी पट्ट्या आणि मूठभर स्क्रू. या सुट्या भागांतून त्याला ठासणीची बंदूक जुळवायची होती. दारू आणि गोळी तोंडाकडून ठासायची. आपल्या कोकणात डुकरे-माकडे हाकायला ठेवत तशीच. नळी दस्त्यात चपखल बसावी म्हणून तो तिला काजळी फाशी, खाचेत दाबे, आणि जिथे काळा डाग उमटेल तिथले लाकूड पटाशीने कणभर काढी. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. शेवटी नळीवर मुद्दाम गंज चढवून तिला तपकिरी रंग दिला आणि दस्त्याला तेल पाजले. तिकडच्या संघराज्य कायद्यात अशा जुन्या धाटणीच्या बंदुका १९६८पासून आधुनिक शस्त्रांहून वेगळ्या धरल्या जातात, म्हणून हे खोके घरपोच येऊ शकते. आपल्याकडे परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा आहे, तेव्हा कुणी मनावर घेऊ नये.

पाहताना सारखे वाटत होते, हा क्रम आपण कुठेतरी वाचला आहे. मग आठवले. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त.

‘आईन’ १५९०च्या दशकातला ग्रंथ. बादशाही मुदपाकखाना, अत्तरे, हत्तींचा खुराक, मजुरांचे दर अशा हजार गोष्टींची त्यात नोंद आहे, आणि त्याच हिशेबी नजरेने बंदूक कशी बनते हेही लिहिले आहे. आपण मोगलांच्या लढाया पाठ करतो. त्या लढायांतली हत्यारे कुणी, कशी घडवली, याची पाने मात्र उलटून पुढे जातो.

अबुल फजल सांगतो की पूर्वी लोखंडाचा पत्रा ठोकून गोल करत आणि त्याच्या दोन कडा एकमेकींना जोडत. अशी नळी पाव भागापेक्षा जास्त दारू सोसत नसे. कारण उघड आहे. दारू पेटली की वायू नळीला चहूबाजूंनी बाहेर रेटतो, आणि सरळ उभी शिवण म्हणजे फाटायला तयार जागा. बंदूक शत्रूच्या आधी चालवणाऱ्याचाच चेहरा जाळायची. नव्या पद्धतीत लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळत नेली, कडेला कड न भिडवता एका वेढ्यावर दुसरा वेढा चढवला आणि भट्टीत हळूहळू तापवून एकजीव केला. शिवण आता नळीभोवती फिरत जाते, त्यामुळे सगळा जोर एका रेषेवर येत नाही. तोंडापर्यंत दारू भरली तरी अशी नळी फुटत नाही, असे तो म्हणतो. दरबारी लेखकाच्या अतिशयोक्तीची थोडी वजावट करा. लोहारकामातली ही उडी तरीही मोठीच आहे. या कामात कच्च्या लोखंडातले जवळपास निम्मे जळून झडून जाते, हीही नोंद तो ठेवतो. भट्टीपाशी उभे राहिल्याशिवाय असले वाक्य लिहिता येत नाही.

लांबीत तयार झालेल्या, पण अजून बूड न बसवलेल्या नळीला ‘दौल’ म्हणत. तिच्यावर लोखंडाचे वजन आणि लांबी आकड्यांत कोरून ती हरमात जमा होई. हरम म्हटले की आपल्याला सिनेमातले पडदे आणि नाच आठवतात. इथे तो वाड्याचा आतला, सर्वांत सुरक्षित भाग आहे, जिथे अर्धवट नळ्या क्रमवार लावून ठेवल्या आहेत! मग बूड बसे, नळी एखाद्या जुन्या दस्त्यावर चढवली जाई आणि एक तृतीयांश दारू भरून बार काढला जाई. कुठूनही पाझर दिसला नाही तर पुढचे काम. गोळी सरळ गेली नाही तर नळी तापवून, आत दांडा घालून सरळ करत. नंतर कानशीवाला बाहेरून नक्षी करी, दस्त्याचे लाकूड आणि घाट ठरे, घोडा आणि ठासणीचा गज तयार होई. इथवर आलेली बंदूक ‘सादा’. तिच्यासोबत पाच गोळ्या जात. बादशाह चाचणी घेऊन पाचवी गोळी बंदुकीसह परत पाठवी. मग दस्त्याला नऊ रंगांपैकी एक, नळीवर सोन्याचे काम, आणि बंदूक ‘रंगीन’. पुन्हा पाच गोळ्या, पुन्हा चाचणी. मोठ्या बंदुकीची गोळी २५ टांकांपर्यंत, म्हणजे साधारण शंभर ग्रॅमची असे. इंग्रजांच्या ब्राउन बेस बंदुकीची गोळी तीस ग्रॅमच्या आसपास होती, यावरून खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची कल्पना यावी. एवढी गोळी बादशाहाखेरीज कुणी डागायला धजत नसे, असे अबुल फजल लिहितो. असेलही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बंदुकीवरचा मजकूर. कच्च्या आणि घडलेल्या लोखंडाचे वजन, लोखंड कुठले, कारागीर कोण, बंदूक कुठे घडली, तारीख आणि क्रमांक. टिपू सुलतानाच्या कारखान्यांतल्या चकमकीच्या बंदुकांवरही कारागीर, गाव आणि साल कोरलेले सापडते. लोखंडावर कारागिराला जागा होती. ग्रंथात ती आखडली. हजारो बंदुकांच्या मागे अबुल फजल दोन उस्ताद नावाने सांगतो : उस्ताद कबीर आणि हुसैन. बाकी सारे शोध बादशाहाच्या नावावर. एका चाकाने सोळा नळ्या एकदम साफ करणारे, बैलाने फिरणारे यंत्रही त्याचेच. काही इतिहासकार त्याचे श्रेय फतहुल्लाह शिराझीला देतात. हा विद्वान अली आदिलशाहाच्या बोलावण्यावरून विजापुरात आलेला. आदिलशाह गेल्यावर १५८३मध्ये तो अकबराकडे गेला. म्हणजे अकबराच्या त्या चाकाला दख्खनचाही थोडा हात लागला असेल.

या कारागिरीचे कौतुक करताना ती कशासाठी होती हे झाकू नये. अकबराच्या खास बंदुकांत पहिली ‘संग्राम’. तिने १,०१९ जनावरे मारल्याची नोंद ‘आईन’मध्ये आहे. त्याआधी फेब्रुवारी १५६८मध्ये चितोडच्या वेढ्यात तिच्याच गोळीने जयमल पडला. त्यानंतर जौहर झाला आणि कत्तल झाली. तिचा आकडा खुद्द अबुल फजल तीस हजारांच्या घरात देतो. किल्ल्यातून मोगलांना जेरीस आणणारे नेमबाज काल्पीचे हजारेक बंदूकची होते. अकबराचा सर्वाधिक राग त्यांच्यावर, आणि नेमके तेच निसटले. आपल्याच बायकामुलांना कैद्यांसारखे बांधून, आपण मोगल सैनिक आहोत असे भासवत ते सैन्यातून बाहेर पडले.

पुढे १८५७ झाले आणि १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले हत्यार परवान्याखाली आणले. युरोपियनांना सूट होती. गिऱ्हाईकच आटले, तर नळ्या घडवणारे आणि पाती उजळणारे जातील कुठे? अरबीत ‘सैकल’ म्हणजे धातू घासून चकाकवणारा. त्यावरून फारसी सैकलगर, आणि त्यावरून आपला शिकलगार. सांगली-कोल्हापूरकडे या आडनावाची घरे पुष्कळ आहेत.

लहानपणी आमच्या गल्लीत असेच एक शिकलगार चाचा येत. सायकल स्टँडवर लावलेली, मागच्या चाकावरून पट्टा, पट्ट्याला दगडाचे लहान चाक. पायडल मारले की ठिणग्या उडत आणि आम्ही पोरे मागे सरकायचो. अम्मीने कात्री दिली होती, तेव्हा मी विचारले होते, चाचा, शिकलगार म्हणजे काय? धार लावणारा, ते म्हणाले. मग अंगठा पात्यावरून आडवा फिरवून पाहिला, समाधान झाले नाही म्हणून कात्री पुन्हा चाकाला लावली.