मंडल्याचे अरण्य आणि रझांची चित्रे

आपल्या बालाघाट जिल्ह्याच्या उत्तरेस मंडला जिल्हा लागतो, आणि कान्हाचे अरण्य या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे. कटंगीकडील मराठी घराण्यांना ही वनभूमी परकी नाही. मात्र तिच्यातून आधुनिक भारतीय निसर्गचित्रणाचा एक मोठा प्रवाह निघाला, याची आठवण आपल्याकडे फारशी काढली जात नाही.

सय्यद हैदर रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे झाला. वडील वनखात्यात डेप्युटी रेंजर असल्यामुळे बालपण अरण्यालगतच्या वस्त्यांत गेले. त्या दिवसांविषयी रझांनी पुढे जे सांगितले, त्यात अरण्य रम्य नाही. रात्र पडली की ते भयाने भरून जाई; माणसाचा आधार वाटे तो गोंडांच्या नृत्यामुळे. उजाडल्यावर जिवात जीव येई आणि बाजाराच्या दिवशी उन्हातले रंग पाहून मुलगा हरखून जाई. पण रात्र पुन्हा यायचीच. ककैया येथील शाळेत त्याचे चित्त ठरत नसे, म्हणून मुख्याध्यापक नंदलाल झारिया यांनी भिंतीवर एक टिंब काढून त्याकडे पाहत बसण्यास सांगितले. ही कथा बहुतेकांना ठाऊक आहे.

कलेचे शिक्षण मात्र नागपुरास झाले. १९३९ ते १९४३ या काळात रझा नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये बापूराव आठवले यांच्या हाताखाली शिकले. नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. १९५६ पर्यंत आपल्याही पूर्वजांची सरकारी कामांची वाट तिकडेच जात असे. पुढे मुंबईचे जे. जे. स्कूल आणि त्याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांची, नंतर काश्मीरची जलरंगचित्रे. १९४८ मध्ये काश्मिरात भेटलेले फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना सुचविले, की चित्रांत बांधणी हवी, सेझानचा अभ्यास करा. याच सुमारास आई-वडील निवर्तले, भावंडे पाकिस्तानात गेली. रझा गेले नाहीत. १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले आणि साठ वर्षे फ्रान्समध्येच राहिले.

कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या काठी राहून तोच जलाशय पुनःपुन्हा रंगविला. निसर्ग त्यांच्या डोळ्यांसमोर होता. रझांचे अरण्य हजारो कोसांवर राहिले होते. प्रारंभी त्यांनी फ्रान्समधील खेडी, घरे, चर्चचे मनोरे रंगविले. १९६२ मध्ये अमेरिकेत बर्कले येथे अध्यापनास गेले असता रॉथ्कोची चित्रे त्यांच्या मनात उतरली, आणि घरे हळूहळू विरघळली. सत्तरच्या दशकातील ‘ला तेर’, म्हणजे ‘भूमी’, या नावाच्या चित्रांत झाड नाही, डोंगर नाही. दाट काळोख आणि त्यात पेटल्यासारखे तांबडे-नारिंगी पट्टे आहेत.

माझा जन्म सरकारी नोकरीत गेला. अरण्य मी पाहिले ते खसऱ्याच्या क्रमांकांतून आणि नकाशावरील हद्दींतून. तरीही दौऱ्यावर असताना विश्रामगृहाच्या ओसरीवरून दूरच्या टेकडीवर लागलेला वणवा मी पाहिला आहे, आणि ‘ला तेर’ची छापील प्रतिकृती प्रथम हाती आली तेव्हा तीच रात्र समोर उभी राहिली. काश्मीरची जलरंगचित्रे डोळ्यांना सुखावतात, पण ती कोणत्याही निपुण प्रवाशाची असू शकली असती. ही भयाची भूमी मात्र ज्याने ती मनात बाळगून समुद्र ओलांडला, त्याचीच. पुढे ‘बिंदू’चा फार गाजावाजा झाला, अखेरच्या वर्षांत त्याची पुनरुक्तीही झाली असे मला वाटते. अरण्याची चित्रे मला त्याहून थोर वाटतात.

१९७८ मध्ये मध्य प्रदेश शासनाने भोपाळ येथे त्यांचा सन्मान केला. २०१० च्या अखेरीस ते कायमचे भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.